कन्नड वाक्यं मोजणाऱ्यांना

ब्राउन बिन रस्त्यावर ठेवून घरात आलो, तोवर आमच्या शाळेच्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं. माझ्या भाच्यानं बेळगावात टिळकवाडीत एकपात्री प्रयोग केला. फोनवरून पॉलिसी, कर्ज, प्लॉट विकणाऱ्या पोराची गोष्ट. दीड तास, एक खुर्ची, एक हेडसेट. ग्रुपवर आक्षेप एकच: मराठी प्रयोगात इतकं कन्नड कशाला? एकानं तर वाक्यं मोजली होती. सीमाभागातल्या रंगमंचावर हे चालायचं नाही, म्हणे.

राग आला आणि तो अजून गेलेला नाही. मला सीमाप्रश्न शिकवू नका. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत संभाजी उद्यानापासून मी वडिलांच्या मागे कॅरियरवर बसून गेलोय, दंडाला काळी फीत बांधून. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं तेव्हा मी लीड्समध्ये होतो. माझ्या तोंडातून आजही बेळगावच येतं. २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा निकाली निघावा असं मलाही वाटतं.

पण त्या पोराच्या हेडसेटमध्ये निपाणी, खानापूर, गोकाक, बैलहोंगल सगळेच येतात. पलीकडच्या एका 'हॅलो'वरून त्याला भाषा ओळखावी लागते. गोकाकचा माणूस 'ब्याड री', नको हो, म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात 'ऊटा आतेन्री?', जेवण झालं का, असं विचारलं की तो अर्धा मिनिट थांबतो. त्या अर्ध्या मिनिटावर पोराचा पगार असतो. हे नुसत्या मराठीत कसं दाखवायचं?

आणि प्रयोगातला सगळ्यात अवघड प्रसंग कन्नड नाहीच. खानापूरच्या निवृत्त गुरुजींना तो फोन लावतो. गुरुजी नको म्हणतात. मग हा आवाज खाली आणतो, 'गुरुजी, मी आपल्याच भागातला की.' पुढची दहा मिनिटं अस्सल बेळगावी मराठी, आणि शेवटी गुरुजी ओटीपी वाचून दाखवतात. ज्यांनी कन्नड वाक्यं मोजली त्यांना हे मराठी ऐकू आलं नाही?

इकडे ब्रिटनमध्ये १९९९ पासून नंबर नोंदवून विक्रीचे फोन नाकारता येतात, २०१९ पासून पेन्शनच्या नावानं असे फोन करायलाच बंदी आहे. तिकडे भारतातही असे फोन नाकारायला १९०९ हा नंबर आहे, तरी माझ्या आईचा फोन दुपारी झोपू देत नाही. भांडायचं तर त्यावर भांडा, असं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'तू तिकडे बसून बोलू नकोस.'

ते लागलं. कारण मी या विषयावर लांबचा म्हणून बोलतच नाही.

इथं आल्यावर पहिली नोकरी मी हेडसेट लावूनच केली. बॉयलर कव्हर, म्हणजे घर तापवणाऱ्या बॉयलरच्या दुरुस्तीचा विमा, विकायचो. यादीत मराठी आडनाव दिसलं की स्क्रिप्ट बाजूला ठेवायचो. एकदा संध्याकाळी लेस्टरच्या एका काकूंना फोन लागला. बेळगाव म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, 'अगंबाई, माझं माहेर शहापूर! जेवलास का रे?' आठ महिन्यांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. घसा दाटून आला, तो खरोखर दाटला होता. बॉयलर नवा आहे, गॅरंटीत आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांना कव्हरची गरज नाही हे मला कळत होतं. तरी मी विकलं. कार्डाचे आकडे त्यांनी चार-चार करून मराठीत सांगितले, चष्मा शोधून आणून, आणि मी ते टाइप केले.

गेल्या वर्षी भाच्यानं संहितेसाठी मला तासन्‌तास विचारलं. टार्गेट, कॉल रेकॉर्डिंग, सुपरवायझर मागे उभा राहतो तेव्हा आवाज कसा बदलतो, सगळं सांगितलं. काकूंचं सांगितलं नाही.

गुरुजींचा प्रसंग त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलाय. तो सुरू झाला तेव्हा बहिणीनं मोबाईल रंगमंचाकडे धरला होता आणि इकडे मी माझा कॅमेरा बंद केला.