नाड्याचा वळ आणि तिसरी ट्यूब

परकराचा नाडा वर्षानुवर्षे एकाच रेषेवर आवळला की कमरेवर काळपट, जाडसर पट्टा उमटतो. बहुतेकींचा तो आयुष्यभर तसाच राहतो, घाबरायचं कारण नाही. पण त्या पट्ट्यावर चीर पडली, खपली धरून पुन्हा पुन्हा निघू लागली, कडा उचलून हाताला टणक लागू लागल्या, तर तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर असू शकतो. प्रमाण कमी आहे, पण प्रकार नवा नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या या कॅन्सरबद्दल १९४५ सालीच लिहून ठेवलंय.

माझा राग मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर आहे. स्टेरॉइड, अँटिफंगल, अँटिबायोटिक यांची ती खिचडी. मुंबईच्या दमटपणात कमरेला नायटा होतोच, त्यामुळे पहिला अंदाज बुरशीचा असणं चूक नाही. चूक दोन ट्यूब संपूनही जखम तशीच असताना आणलेल्या तिसऱ्या ट्यूबची. स्टेरॉइडने खाज थांबते, लाली उतरते, आतली वाढ मात्र चालूच राहते. चार आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायलाच हवा.

‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून साधारण ४ मिमीच्या गोल पंचने तुकडा काढतात, एक-दोन टाके, त्याच दिवशी घरी. तुकडा मात्र जखमेच्या उचललेल्या कडेचा हवा. मध्यभागी बऱ्याचदा मेलेला भाग असतो. तिथलाच गेला तर रिपोर्टात नुसती ‘सूज’ येते आणि सगळे निर्धास्त होतात. तरीही जखम भरत नसेल तर दुसरा तुकडा मागा. आणि तपासणीआधी कॉटरी किंवा लेझरने जाळून घेऊ नका, मग पॅथॉलॉजिस्टने बघायचं काय? जांघेतल्या गाठीही चाचपून घ्या, हा कॅन्सर तिथे उतरू शकतो. कॅन्सर लहान असताना भोवतालच्या ४ ते ६ मिमी निरोगी त्वचेसकट कापला की बहुधा तेवढ्यावर भागतं.

स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्यांनी जुन्या व्रणावरही लक्ष ठेवावं, विशेषतः सांध्यावरच्या, जिथे कातडी ताणून फाटत राहते. तिथे वीस-तीस वर्षांनीही हाच कॅन्सर उद्भवतो.

सनस्क्रीनच्या जाहिराती बघून वाटतं, सगळा दोष उन्हाचा. आपल्या सावळ्या कातडीला बरंच संरक्षण असतं. कोड किंवा जन्मजात पांढरी त्वचा असलेल्यांना मात्र ऊन टाळणं, अंगभर कपडे, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. बाकीच्यांनी आधी नाडा बदलावा. दोरीऐवजी दोन इंच रुंद पट्टी, गाठ कधी डावीकडे कधी उजवीकडे, पट्टी रोज बोटभर वर-खाली. सलवारीच्या नाड्यालाही हेच लागू. घरी आल्यावर गाऊन घाला, कंबर धुऊन कोरडी करा.

आई कंबर दाखवायला लाजत असेल तर बाई डॉक्टर शोधा. तोवर दर रविवारी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोनवर फोटो काढा. ‘तेवढंच आहे गं’ म्हणताना जखम किती वाढली, ते मिलिमीटरमध्ये दिसेल.