सात वर्षांत शरीर नवं होत नाही

शरीरातली प्रत्येक पेशी 7 वर्षांनी बदलते, त्यामुळे 7 वर्षांनी माणूस पूर्ण नवा होतो, जुनं व्यसन आणि जुना आजार धुऊन निघतो, असा मेसेज सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आठवीच्या वर्गात पेशी शिकवायला घेतली की मुलं हाच मेसेज खात्रीनं सांगतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

प्रत्येक पेशीचं आयुष्य 7 वर्षं, हा पहिला मुद्दा. असा एकच आकडा मुळात नाही. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी 3 ते 5 दिवसांत झडतात. रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, आणि ती एवढीच का टिकते हे तिच्या रचनेवरून कळतं. तयार होतानाच ती आपलं केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला गाभा, बाहेर टाकते, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही गमावते. त्यामुळे आत हिमोग्लोबिनला भरपूर जागा मिळते आणि अरुंद केशवाहिनीतून वाकून जाता येतं. पण केंद्रकच नसल्यानं नवी प्रथिनं बनत नाहीत, झीज भरून निघत नाही. पुढे तिचं पटल ताठर होतं आणि प्लीहा व यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. ही तूट अस्थिमज्जा भरून काढते, तीही सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी बनवून!

झडणाऱ्या पेशी मुलांना शाळेतच दाखवता येतात. चूळ भरून टूथपिकच्या बोथट टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ते पसरायचं, वर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट निळ्या, चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात. एखादीची कड दुमडलेली असते आणि प्रत्येकीत गडद निळा ठिपका, म्हणजे केंद्रक. तंतुकणिका यात दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगावं, नाहीतर ती शोधत बसतात.

दुसरा मुद्दा, जुनं काहीच उरत नाही. हा साफ चूक आहे. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, बहुतेक चेतापेशी माणसाइतक्याच वयाच्या असतात. हे कसं कळलं, ते मला मुलांना सांगायला फार आवडतं. 1950 नंतरच्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, खूप वाढला. 1963 च्या करारानंतर अशा चाचण्या जवळजवळ थांबल्या आणि हवेतलं त्याचं प्रमाण हळूहळू उतरू लागलं. हाच कार्बन अन्नातून आपल्यात येतो आणि पेशी जन्मते त्या वेळचं प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कायम राहतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटानं 2005 मध्ये यावरून पेशींचं वय काढून दाखवलं. 2009 मध्ये त्यांनी हृदयही तपासलं. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला जेमतेम 1 टक्का नव्या होतात आणि उतारवयात त्याच्याही निम्म्या. म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी तर जन्माआधीच्या असतात.

मेसेजला थोडा आधार आहे तो इथे. चेतापेशी तीच राहते, पण तिच्या आतला माल बदलत राहतो. पेशीतल्या लयकारिका नावाच्या पिशव्या जुनाट तंतुकणिका पचवतात, रायबोझोम नावाचे कण नवी प्रथिनं बनवतात. भाग नवे होतात म्हणून पेशी नवी झाली असं होत नाही.

तिसरा मुद्दा, जुनं व्यसन आणि जुना आजार धुऊन निघतो, हा सगळ्यात घातक आहे आणि तो मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आपल्या सोलापुरात विड्या वळणारी घरं खूप, अनेक घरांत मिश्री हाताशीच असते. त्यात कोणी असं समजलं की तंबाखूनं झालेलं नुकसान आपोआप पुसलं जाईल, तर? गालाच्या वरच्या थरातल्या पेशी झडतात हे खरं, पण नव्या येतात त्या खालच्या मूलपेशींच्या विभाजनातून आणि विभाजन म्हणजे डीएनएची नक्कल. चादरीच्या जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यावर एक भोक चुकलं की त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक नव्या चादरीत तोच दोष उतरतो. मूलपेशीच्या डीएनएतला दुरुस्त न झालेला बिघाडही तसाच पुढच्या पेशींत जातो. कर्करोगाची सुरुवात अशाच साठत गेलेल्या बिघाडांतून होते.

तंबाखू सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो, म्हणून आजच सोडावी. पण 7 वर्षांनी तो शून्य होतो असं नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, जखम 2-3 आठवड्यांत भरली नसेल, तर पेशी बदलण्याची वाट न पाहता दातांच्या डॉक्टरांना दाखवा.