कार्यकारिणी बदलली, भरती-ओहोटीची वही कुणाकडे?

अलिबागच्या किनाऱ्यावरचा कट्टा, समोर ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला. कट्ट्यावर चौघं: वकील, मास्तर, होडी चालवणारे तांडेल आणि सगळ्यांत धाकटा एक कार्यकर्ता. विषय होता जलदुर्गांवर श्रमदान करणाऱ्या संस्थांचा. अध्यक्ष-सचिव बदलले की त्यांचं पहिलं वर्ष का अडखळतं?

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. "वर्षानुवर्षं तोच अध्यक्ष असेल तर नवी पोरं येतील कशाला? सभा घ्या, निवड करा, दुसऱ्या दिवशी कारभार सोपवा."

"कारभार सोपवशील, पण सही कुणाची चालणार?" वकील म्हणाले. "१९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२ बघ. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव, जाणाऱ्यांचे राजीनामे, येणाऱ्यांची संमतीपत्रं, हे सगळं जोडून. संस्थेच्या घटनेत पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असताना आठव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सभा बोलावली, तर पुढे हरकत आलीच म्हणून समज."

"२०१७ पासून तात्पुरती मंजुरी मिळते ना?" धाकट्याने विचारलं.

"मिळते. हरकतींसाठी ३० दिवस असतात, कुणी आलं नाही तर तीच कायम होते. पण खरी गोम मागे असते. आधीच्या कार्यकारिणीचा रिपोर्टच कुणी दाखल केलेला नसतो. म्हणजे ज्यांनी ही निवडणुकीची सभा बोलावली, त्यांचंच नाव परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, नाही. साखळी तिथे तुटते. मग आधी जुना रिपोर्ट, त्याला विलंब माफीचा अर्ज, आणि त्यानंतर नवा. तोवर बँक परिशिष्टाची प्रमाणित प्रत मागत राहते आणि धनादेशांवर जुन्यांच्याच सह्या चालतात. त्यात प्राप्तिकर सवलतीच्या (८०जी) देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेच्या आत भरायचं असतं, आणि पोर्टलचा ओटीपी जातो जुन्या खजिनदाराच्या मोबाइलवर. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये."

मास्तरांना हे कागदपत्रांचं दुखणं पटत होतं, पण त्यांची काळजी वेगळी होती. "कागद वर्षभरात सरळ होतात हो. तोफ होत नाही. कुलाब्याला लागून असलेल्या छोट्या सर्जेकोटाच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर त्या दोन तोफा आहेत ना, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या? नवी कार्यकारिणी आली की उत्साहात कुणीतरी म्हणतं, काळा ऑइलपेंट मारू. खाऱ्या हवेतलं मीठ गंजात मुरलेलं असतं. त्याच्यावर रंग चढवला की मीठ आणि ओल आत कोंडते, आणि रंगाखाली पापुद्रे सुटत जातात. वरून तोफ छान दिसते आणि आतून झिजते. पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिला ब्रशही लावायचा नाही, हे जुन्यांना माहीत असतं. लिहून मात्र कुणी ठेवलेलं नसतं."

"तटावरच्या पिंपळाचं तेच," तांडेल म्हणाले. "पोरं जोर लावून उपटतात, मुळाबरोबर चिरा सुटून येतो."

मग तांडेल मूळ मुद्द्यावर आले. "नवा सचिव सरसकट लिहितो, रविवारी सकाळी नऊला जमा. तिथी बघतच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे भरती, म्हणजे नऊला पाणी चढत असतं. लोक किल्ल्यात गेले की दुपार उलटेपर्यंत अडकले. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, वेळ सोयीची वाटते. पण तो भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी पुरतं उतरतच नाही. तृतीया धर. सव्वादोनला भरती, साडेआठच्या सुमाराला सुकती, आणि उधाण नुकतंच होऊन गेलेलं, म्हणून पाणी लांबवर ओसरतं. त्याच दिवशी चालत जावं, आणि पाणी फिरलं की अर्धं काम टाकून निघावं. हे सगळं जुन्या अध्यक्षाच्या डोक्यात असतं."

"म्हणूनच त्यांना सल्लागार म्हणून ठेवा," मास्तर म्हणाले.

धाकटा उसळला. "सल्लागार ठेवला की निर्णय तोच घेतो! नव्या सचिवाला कुणी विचारतच नाही."

यावर बराच वेळ जुंपली. मास्तरांचा आग्रह होता की दर वर्षी अर्धीच कार्यकारिणी बदलावी, उरलेले अर्धे जाणते राहतील. वकिलांनी लगेच आठवण दिली, त्यासाठी आधी घटनादुरुस्ती लागेल. जुन्या अध्यक्षाला ठरावीक मुदतीपुरता सल्लागार ठेवणं धाकट्याला पटलं, पण अट घालून: जुन्याने सहीचा अधिकार पहिल्याच दिवशी सोडायचा, आणि तीन महिन्यांत सगळं लिहून द्यायचं. कोणत्या तिथीला निघायचं, कोणता होडीवाला, लाइफ जॅकेट किती आणि त्यातली फाटकी किती, चाव्या कुणाकडे, पुरातत्त्व खात्याचं शेवटचं पत्र कुठल्या फाइलमध्ये.

"आणि खांदेरी जलदुर्गाचं वेगळं पान," मास्तर म्हणाले. "जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, आता तिथे हात लावायच्या आधी दहादा विचारावं लागेल."

"लिहून दिलं तरी पाणी बघायला शिकवावंच लागतं," तांडेल म्हणाले.

"मग तीन तृतीयांना सोबत न्या ना त्याला," धाकटा म्हणाला. "चौथ्या तृतीयेला त्याने वेळ सांगायची, तुम्ही नुसतं बघायचं."

तांडेलांनी मान हलवली. मास्तर मात्र अजून अर्ध्या कार्यकारिणीवरच अडून होते.