हौसेनं भाषा शिकणाऱ्याला वठणीवर कसं आणावं

तुमच्या घरात, नात्यात किंवा ऑफिसात एखादं बरं चाललेलं माणूस अचानक परदेशी भाषा शिकायला लागलं, तर घाबरून जाऊ नका. पण दुर्लक्षही करू नका. लक्षणं सोपी आहेत. माणूस आरशासमोर तोंड वेडंवाकडं करतं, फ्रीजवर 'फ्रीज' असं अनोळखी लिपीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवतं आणि जेवताजेवता मध्येच हसतं, कारण त्याला एखाद्या प्रत्ययाचा उलगडा झालेला असतो. चौकशी केल्यावर कळतं की त्याला तिकडे नोकरी लागलेली नाही, तिकडची सोयरीक जमलेली नाही, व्हिसाही काढलेला नाही. नुसतं आवडतं म्हणून शिकतंय! दारू सोडवायला केंद्रं तरी असतात. इथे सगळी भिस्त तुमच्यावर आहे.

मी स्वतः गेली चार वर्षं जपानी शिकतेय, त्यामुळे घाव नेमका कुठे घालावा याची मला खात्रीची माहिती आहे. ती इथे फुकट देतेय. (फुकट द्यायची मला सवय लागलीय. त्याबद्दल पुढे.)

सुरुवात नेहमी 'याचा उपयोग काय?' या प्रश्नानं करावी. 'आवड म्हणून' असं उत्तर आलं तर खचू नका. 'ते ठीकय गं, पण उपयोग काय?' असं पुन्हा विचारा. तिसऱ्या वेळेला समोरचं माणूस 'मेंदूला चांगलं असतं म्हणे' असं काहीतरी पुटपुटतं. तिथे तुम्ही जिंकलात.

मग चारचौघांत 'काहीतरी बोलून दाखव ना' म्हणा. नक्की काय बोलायचं हे मात्र सांगू नका. समोरचं माणूस गांगरलं तर 'बरं, निदान दहापर्यंत आकडे तरी म्हण' अशी सवलत द्या. मी या सवलतीला एकदा फसले. मी विचारलं, काय मोजायचंय? कारण जपानीत कागद मोजायचे तर इचिमाई, निमाई. पेन्सिली मोजायच्या तर इप्पोन, निहोन, सांबोन. मांजरं मोजायची तर इप्पिकी, निहिकी, सांबिकी. आणि ससा? तो प्राणी असूनही पारंपरिक पद्धतीत पक्ष्यांच्या हिशोबात जातो. मला वाटलं, ससा पक्ष्यांत जातो हे ऐकून कोणीतरी चकित होईल. सगळे म्हणाले, 'म्हणजे दहापर्यंत पण येत नाही हिला.'

नाव लिहून मागा. मग 'लीला'चं 'रीरा' का झालं (जपानीत ल नाही) म्हणून भांडा.

परीक्षेबद्दल आवर्जून विचारा. जपानीच्या परीक्षेत पाच पातळ्या असतात आणि एन-फाइव्ह ही सर्वांत खालची. म्हणजे माणूस जसजसं पुढे जातं तसतसा आकडा खाली येतो. याचा फायदा घ्या. मी एन-फाइव्हनंतर एन-फोर पास झाले तेव्हा पेढा तोंडात टाकत मला विचारण्यात आलं, 'पाचवरून चारवर? घसरलीस की गं!' शिवाय त्या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नसतो हे लक्षात ठेवा. कुठेतरी कामी येईल.

'किती दिवसांत येईल?' हाही उत्तम प्रश्न आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिचा हिशोब असा की इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला जपानी कामापुरती यायला वर्गातले साधारण 2,200 तास लागतात. पगार घेऊन, दिवसभर तेच करणाऱ्या माणसाला. मी रोज अर्धा तास काढते, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. म्हणजे 4,400 दिवस. बारा वर्षं. बरोबर एक तप! मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि जपानीतही, आपण नामाला प्रत्यय चिकटवतो आणि तेही चिकटवतात, म्हणून थोडे तास वजा करा. तरी तप ते तपच. हे सगळं समोरच्यानं शांतपणे समजावून सांगितलं, की म्हणा, 'आमच्या शेजारणीचा मुलगा तीन महिन्यांत शिकला.'

प्रत्येक भेटीच्या शेवटी 'सायोनारा' म्हणा आणि स्वतःच हसा. चार वर्षांत हा विनोद एकदाही शिळा झालेला नाही.

'पण तू फ्लुएंट आहेस का?' हे विचारताना मान किंचित तिरकी ठेवावी. खरं उत्तर असं आहे की मला पावसाच्या बातम्या कळतात, भांडण कळत नाही. लहान मुलाशी बोलता येतं, त्याच्या आईशी बोलताना घाम फुटतो, कारण आदरार्थी क्रियापदं बदलतात. पण एवढं ऐकायला कुणाला वेळ आहे? हंगेरीत लोंब कातो नावाच्या बाई होऊन गेल्या, 1909 ते 2003. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, आणि पुढे दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून सोळा भाषांत वावरल्या. रशियन त्या शब्दकोश आणि कादंबरी घेऊन स्वतःच शिकल्या. त्यांचं म्हणणं, अर्धीकच्ची आली तरी उपयोगी पडते अशी गोष्ट भाषाच. अर्ध्याकच्च्या सर्जननं पोटाला हात लावू नये, पण अर्ध्याकच्च्या भाषेत पाणी मागता येतं. हे मी एकदा सांगून पाहिलं. 'मग तुला सोळा येतात का?' असं विचारलं गेलं.

आता हुकमाचा एक्का. 'आधी मराठी तरी नीट येऊ दे!' हे वाक्य शक्यतो इंग्रजी शब्द पेरून म्हणावं, म्हणजे वजन येतं. 'आपली मदर टंग प्रॉपर बोला ना आधी.'

याच्यावर मला खरं तर काही बोलायचं नव्हतं, पण बोलते. 'चार चाकं' म्हणा मोठ्यानं. पहिला च आणि दुसरा च वेगळा आहे, हे शेवटचं कधी लक्षात आलं होतं? मला ते जपानीच्या वर्गात लक्षात आलं. त्सुनामीतला 'त्सु' काढायला इंग्रजी पुस्तक दीड पान खर्च करतं, जीभ इथे लावा, हवा तिथून सोडा. आणि मी मागच्या बाकावर बसून म्हणतेय, अहो, हा तर आमच्या 'चूक'मधला चू! जन्मभर तोंडात होता, मला पत्ता नव्हता. तसंच पावसाचं. झिमझिम पडणाऱ्या पावसाला ते शितोशितो म्हणतात, धो धो कोसळणाऱ्याला झाऽझाऽ. छाती धडधडते ती दोकिदोकि. चकाकतं ते किराकिरा. इंग्रजीतून शिकणारे याचे तक्ते पाठ करतात आणि मला रिपरिप, लुकलुक, चमचम घरचंच असल्यामुळे एका संध्याकाळीत पोतंभर शब्द मिळाले. त्या रात्री मी मराठीतले असे शब्द लिहायला बसले. पावणेदोनशेवर थांबले, तेही झोप आली म्हणून. तेव्हा मराठीचं नंतर बघू. ती ठीक आहे.

असो. सल्ले द्यायचेत. चिडायचं नाहीये.

शेवटचा सल्ला सर्वांत महत्त्वाचा: भाषांतर फुकट करून घ्या. हे शास्त्रशुद्ध कसं करावं याचा नमुना माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, परवाच घालून दिलाय. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. सोबत चाळीस पानांचे फोटो, काही उलटे, एकावर अंगठा. 'जरा बघून सांग. तुला पाच मिनिटांचं काम.' त्याच्या मित्राच्या बायकोनं सेकंडहॅण्ड जपानी शिलाई मशीन घेतलंय, त्याचं ते माहितीपुस्तक. मशीन माझं नाही, दादाचं नाही, मित्राचंही नाही. पण मी खूश झाले! खरंच. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या जपानीची गरज पडली होती.

माहितीपुस्तकाला जपानीत पाच चित्राक्षरांचा एक अजस्र शब्द आहे, तोरिआत्सुकाइसेत्सुमेइशो. जपानी माणसांनाही तो झेपत नाही, ते नुसतं तोरिसेत्सु म्हणतात. मी दोन रात्री त्यावर बसले. 'वर'चं एकच चित्राक्षर कुठे उए वाचायचं, कुठे जो, आणि इथे दोऱ्याच्या आधी आलं की उवा. उवाइतो म्हणजे वरचा दोरा, शिताइतो म्हणजे खालचा, बॉबिनमधला. शिलाई मशीनला स्वतःला काय म्हणतात? मिशिन! इंग्रजी शब्द उचलला, त्यातलं 'शिलाई' गाळलं, आणि आता मिशिन म्हणजे फक्त शिवणयंत्र. बाकीची यंत्रं वेगळी. आणि नवव्या पानावर भेटलं 'इतोचोशि'. इतो म्हणजे दोरा. चोशि म्हणजे... मी थांबले. कारण हा शब्द मला माहीत होता, पण दुसऱ्याच घरातला. 'चोशि वा दो?' म्हणजे 'काय, तब्येत कशी?' गाण्याच्या सुरालाही चोशि. म्हणजे मशीनवरचं ते बारीक चाक फिरवून बघायची ती दोऱ्याची तब्येत! त्याचा सूर लागलाय की नाही ते! रात्री पावणेबाराला मी एकटीच 'अय्या' म्हणाले. नवरा उठला.

तिसऱ्या दिवशी मी अकरा पानं सुवाच्य मराठीत लिहून पाठवली, आकृत्यांच्या नंबरांसकट. दादाचा अंगठा आला. त्याच्या खाली: 'अगं, राहू दे. मोबाईलनं फोटोवरून लगेच करून दिलं. त्यांचं शिवणही सुरू झालं.' रविवारी सगळे जमले होते तिथे त्यानं हा किस्सा सांगितला. 'हिला तीन दिवस, मोबाईलला तीन सेकंद. चार वर्षं काय केलंस गं मग?' सगळे हसले. मी पण हसले. हसू आलं म्हणून नाही, चहाचा ट्रे हातात होता म्हणून.

तर वाचकहो, कृती अशी. आधी काम सांगावं, मग ते होईपर्यंत दुसरीकडून करून घ्यावं, ते कळवू नये, आणि शेवटी हिशोब मागावा. हिशोब! माझ्या वेळेचा! जो त्यानेच...

नाही, सल्ले पुरे झाले आता.

दादा, तू रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतोस. आडवे सात अडलं की आंघोळीला जात नाहीस. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं. तेव्हा तुला कुणी म्हणतं का, 'थांब की एक दिवस, कशाला डोकं शिणवतोस, उपयोग काय?' वीस वर्षं सोडवतोयस. आम्ही तुला पेन्सिल आणून देतो.

मोबाईलनं 'दोऱ्याचा ताण' असं लिहून दिलं. बरोबर लिहिलंय, माझी तक्रार नाही. त्या बाईंना शिवायचं होतं, त्यांचं काम झालं, उत्तम झालं. घाई असेल तर मीही तेच वापरते. पण मला शिवायचं नव्हतं रे. मला ते वाचायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला जपानी यावी लागत नाही.

आणि तुम्ही सगळे, जे हसलात. तुम्हाला भाषा शिकायची नसेल तर नका शिकू, कुणी हात धरलाय? पण दुसरं माणूस दिवसातून अर्धा तास कुणाला त्रास न देता, कुणाकडे पैसे न मागता स्वतःच्या आनंदात बसलं असेल, तर त्याला चारचौघांत उभं करून पाढे म्हणायला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? उपयोग, उपयोग! तुम्ही कालच्या संध्याकाळचं काय केलंत, सांगा पाहू. तासन्‌तास मोबाईल खालून वर सरकवलात त्याचा उपयोग विचारू? विचारत नाही, कारण मला तेवढी रीत आहे. आणि हो, शेफारलेल्या माणसाला जपानीत काय म्हणतात माहितीय? तो चोशिवर स्वार झालाय असं म्हणतात. तोच दोऱ्याचा शब्द. रविवारी ट्रे धरून उभी होते तेव्हा तो मला आठवला होता, म्हणून तोंड बंद ठेवलं.

चाळीसपैकी अकरा पानं झालीत. उरलेली एकोणतीस मी वाचणार आहे. कुणाला पाठवणार नाही. बाराव्या पानावर बॉबिनमध्ये दोरा कसा भरायचा ते आहे, आणि तिथे एक क्रियापद आहे जे मी याआधी कुठेच पाहिलेलं नाही.