इराचा चढलेला आवाज

रविवारी दुपारी बाबांना शेजारी बसवून 'अस्तु' पुन्हा बघितला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा सिनेमा. 2016 मध्ये लागला तेव्हा बघितला होता. तेव्हा घरी सगळं धड होतं, त्यामुळे 'काय काम केलंय आगाशेंनी!' म्हणून मोकळी झाले होते.

काम केलंच आहे. संस्कृतचे गाढे विद्वान चक्रपाणी शास्त्री. माणसं ओळखू येत नाहीत, पण श्लोक पाठ. डॉ. मोहन आगाशे मुळात मानसोपचारतज्ज्ञ, म्हणून असेल, पण कुठेही 'बिच्चारा म्हातारा' केलेला नाही. आमचे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, कारखान्यात 31 वर्षं टर्नर होते. माझं नाव त्यांना कधीकधी सापडत नाही. पण परवा खुर्चीचा निघालेला बोल्ट बोटांत फिरवला आणि खाली न बघताच म्हणाले, "आठचा." मोजला. आठ एमएमच.

लोक आगाशेंबद्दल बोलतात, नाहीतर माहुताची बायको चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाषबद्दल (राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला, रास्तच). मला या खेपेला दिसली इरावती हर्षे. मोठी मुलगी इरा. वडलांना गाडीत बसवून ही जरा उतरते काय आणि ते हत्तीमागे निघून जातात काय! शोधताना तिच्या चेहऱ्यावर काळजीइतकाच वैताग आहे, आणि त्या वैतागाची लाजही. रडून दाखवणं त्यामानाने सोपं असावं.

मार्चमध्ये बाबा पहाटे डबा घेऊन पहिल्या पाळीला निघाले. डबा रिकामा. बसस्टॉपवरून वॉचमनने परत आणलं आणि मी गेटवरच, चार माणसांदेखत, ओरडले. बाबा म्हणाले, "लेट मार्क लागेल गं."

चन्नम्माला अप्पा, म्हणजे शास्त्री, आधी कसे होते ते ठाऊकच नाही. समोरचा म्हातारा भुकेला आहे, आपल्याला आई म्हणतोय, एवढं तिला पुरतं. इराला कसं पुरणार?

संवाद मधूनमधून फार समजावून सांगतात असं मला वाटलं. पण त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार आहे, तेव्हा जाऊ दे.

हत्ती आला तसे बाबा सावरून बसले. संपल्यावर विचारलं, "हत्ती कुणी नेला?" सांगितलं. चहा घेताना परत तेच. सांगितलं. बशी खाली ठेवता ठेवता तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझा आवाज चढलाच.