गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे!

परभणीपासून उदगीरपर्यंत सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. घामावाटे विष निघून जातं म्हणून घामाच्या ग्रंथीला कॅन्सर होतच नाही, चामखिळीसारखी गाठ आली तर पापडखार-चुना लावा, सुई-ब्लेड लावलं की पसरतंय, अन् काढली तरी परत येतीच.

होतच नाही हे साफ खोटं. घाम म्हणजे पाणी अन् मीठ, विष काढायचं काम लिव्हर-किडनीचं. घामाच्या नळीतून होणारा पोरोकार्सिनोमा नावाचा कॅन्सर 1963 पासून नोंदलेला आहे. दुर्मिळ आहे, मान्य. बहुतेक साठीच्या पुढं, पायावर नाहीतर डोक्या-मानेवर होतो, कधी वर्षानुवर्षं गप पडलेली गाठ एकदम वाढायला लागती, रक्त येतं, अन् आपण म्हणतो काटा लागला असंल.

पापडखार-चुन्यानं वरची कातडी जळते, खपली धरते, वाटतं गेली, खाली मात्र गाठ वाढतच राहती.

आता सुई. तिनं पसरतंय ही भीती बिनकामाची. नुसतं बघून ही चामखीळ का कॅन्सर हे भल्याभल्या डॉक्टरला सांगता येत नाही, तुकडा मायक्रोस्कोपखाली जावाच लागतो. बायोप्सीच्या, म्हणजे हा तुकडा काढून तपासायच्या, भीतीनं घरी बसलं की तेवढ्यात कॅन्सर जांघेतल्या, काखेतल्या गाठींत जाऊ शकतो, म्हणून ऑपरेशनआधी त्याही तपासतात.

परत येते हे मात्र अर्धं खरंय, अन् खरी गोम इथंच आहे. लोक तालुक्याला जाऊन जागेवरच भूल देऊन गाठ काढून घेतात अन् गाठ जाते कचऱ्यात! ती फॉर्मॅलिनच्या (गाठ कुजू न देणारं औषध) बाटलीत पॅथॉलॉजीला, म्हणजे तपासणीच्या लॅबला, गेली पाहिजे, बाटलीवर पेशंटचं नाव आहे का तेबी बघा. तिथं कडांना शाई लावून बघतात, कॅन्सर शाईपर्यंत पोचला असंल तर आत काहीतरी राहिलं असं धरून पुन्हा काढावं लागतं. म्हणूनच सर्जन भोवतीची चांगली कातडीबी काढतो, गरज पडली तर मांडीची कातडी लावतो, आणि घरचे म्हणतात एवढ्याशा गाठीला एवढा खड्डा कशाला. अहो, ह्यात केमोचा भरवसा कमी, सगळी मदार ऑपरेशनवर.

संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात, राशनकार्ड-आधार सोबत ठेवा. आधी कुठं गाठ काढली असंल तर रिपोर्टसोबत तिथला मेणाचा ब्लॉकबी (गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो तो) मागून न्या, पुन्हा तपासायला तोच लागतो.