बेअरफेल्डनचे तीन खांब: ‘देखावा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. जर्मनीतल्या ओडेनवाल्ड भागातल्या बेअरफेल्डन गावच्या जुन्या फाशीस्थळाबद्दल तुमचं म्हणणं असं: पायाखालची झडप कुठेच नाही, वरच्या लाकडी तुळया तीन दगडी खांबांइतक्या जुन्या वाटत नाहीत, भोवती लिंडेनची झाडी, म्हणजे हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा. आणि खरं असेल, तर असलं काही जपायचं कशाला?

झडप नाही, कारण ती कधी नव्हतीच. कैद्याच्या वजनानुसार दोर मोजायचा आणि झडप उघडून एका झटक्यात मान मोडायची, हे तंत्र इंग्लंडात १८७०च्या दशकात रुळलं. हे बांधकाम १५९७चं. तेव्हाची रीत शिडीची. तुळईला दोन शिड्या लावत, एकीवर जल्लाद, दुसरीवर कैदी. फास वर बांधून झाला की कैद्याची शिडी फिरवायची किंवा ओढून काढायची. खाली पडायला अंतरच मिळत नसल्याने मान सहसा मोडत नसे. माणूस गुदमरून मरे, त्याला कित्येक मिनिटं लागत. जल्लादाचे मदतनीस कधी कधी पायांना लोंबकळत, ते यासाठीच.

मग खांब सुमारे पाच मीटर कशाला? मारायला एवढी उंची लागत नाही. पण प्रेत उतरवायचंच नसे. ते कुजून गळेपर्यंत तसंच लटकत ठेवायचं, नातेवाइकांच्या किंवा कुत्र्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते लांबून दिसलं पाहिजे. म्हणून जागा गावाबाहेर, उंचावर, रस्त्यालगत. झाडीबद्दल सांगायचं तर, अशा टेकड्या वापरात असताना मोकळ्याच ठेवत. देखावा म्हणायचाच तर तो १५९७चा आहे: प्राणदंडाचा अधिकार आमचा, हे इथले सत्ताधीश असलेल्या एर्बाखच्या काउंटांनी सगळ्यांना दाखवून ठेवलं.

तुळयांचं म्हणाल तर, सांध्यात पाणी मुरतं, कापलेल्या टोकांतून ते आत चढतं आणि लाकूड तिथूनच कुजतं. उघड्यावरची तुळई कधीतरी बदलावीच लागते. आधीचा लाकडी सांगाडा काढून तांबड्या वालुकाश्माचे खांब उभारले, त्यामुळे निदान मुख्य आधार तरी टिकला. त्या काळी दुरुस्ती हा नुसत्या खर्चाचा प्रश्न नव्हता. फाशीखांबाला हात लावणारा कारागीर बाटला, असं जर्मन कारागिरांच्या संघांमध्ये मानत. म्हणून पुष्कळ गावांत सगळ्या सुतार-गवंड्यांना एकदमच कामाला लावत, पहिला घाव गावच्या अधिकाऱ्याने घालायचा. म्हणजे कुणी कुणाला नावं ठेवायला नको.

राहिला जपण्याचा प्रश्न. इथली शेवटची फाशी १८०४ची. एक कोंबडी आणि दोन पाव चोरल्याबद्दल एका जिप्सी बाईला लटकवलं, आजारी मुलासाठी तिने ती चोरी केली होती, असं तिथे सांगतात. आता पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे तेव्हाच्या जर्मन मुलखावरच्या साम्राज्याची, १५३२ची दंडसंहिता बघा. तिचं १६६वं कलम खऱ्या उपासमारीपोटी केलेल्या अन्नचोरीबद्दलच आहे, आणि अशा वेळी न्यायाधीशांनी कायदेपंडितांचा सल्ला घ्यावा, असं त्यात आहे. साम्राज्य १८०६पर्यंत टिकलं, म्हणजे कागदोपत्री ती संहिता तेव्हाही लागू होती. माझी तक्रार असलीच तर ती जपण्याबद्दल नाही. कोंबडीची गोष्ट सगळे सांगतात, १६६व्या कलमाचं नाव कुणी काढत नाही.